कार्यप्रणालीचा गाभा आणि परक्या पॅकेटांची पारख

दिनांक २७ जून २०१७ रोजी रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलाचे काम संगणक निकामी झाल्यामुळे ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाच्या ए. पी. एम. टर्मिनल्स या शाखेच्या कारभारातील. त्या दिवशी युक्रेनमध्ये एका हिशेबविषयक आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीबरोबर पसरविण्यात आलेला 'नॉटपेट्या' नावाचा उपद्रव मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात शिरला आणि काही तासांत न्हावा-शेव्यापर्यंत येऊन पोहोचला. मर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे त्या समूहाच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. नगर-नाशिककडील कांदा परदेशी जातो तो बहुतांशी याच बंदरातून. तेव्हा हे प्रकरण दूर देशीचे म्हणून आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकाने बाजूस सारावे, असे नाही.

नॉटपेट्याच्या हाती दोन साधने होती. एक म्हणजे चोरलेले परवलीचे शब्द. त्यांच्या जोरावर तो निर्दोष यंत्रांतही शिरू शकत असे. दुसरे साधन अधिक अभ्यसनीय आहे. कोणत्याही परवलीच्या शब्दावाचून, यंत्रापुढे बसलेल्या माणसाने काही एक चूक केलेली नसताना, केवळ जाळ्यावरून काही पॅकेटे पाठवून समोरच्या यंत्राच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याचा ताबा त्याला घेता येत होता. हे कसे शक्य झाले, आणि होऊ नये म्हणून गाभ्याने परक्या पॅकेटाशी कसे वागावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कार्यप्रणालीचा गाभा, ज्यास व्यवहारात कर्नेल म्हणतात, हा यंत्राच्या सर्व स्मृतीचा व सर्व उपकरणांचा मालक होय. सामान्य आज्ञावलीने आपल्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात लावल्यास गाभा तिला तत्काळ बंद करतो व बाकीचा संसार सुरळीत चालू राहतो. गाभ्यानेच तशी चूक केली, तर त्याला अडविणारा सहसा कोणी नसतो. आणि तरीही बाहेरून येणारे प्रत्येक पॅकेट प्रथम त्याच्याच हाती पडते. नेटवर्क कार्ड ते उचलून थेट स्मृतीत ठेवते, गाभ्याला सूचना देते, आणि मग गाभा इथरनेटचा, आय.पी.चा व टी.सी.पी.चा असे एकामागून एक शीर्षभाग वाचीत ते पॅकेट कोणत्या आज्ञावलीचे आहे याचा निवाडा करतो. म्हणजे यंत्रातील सर्वांत अधिकारसंपन्न भाग, जगातील सर्वांत अनोळखी मजकूर, आणि तोही अत्यंत घाईने, वाचीत असतो. एका दृष्टीने पाहता ही रचनाच विलक्षण आहे. गतीसाठी ती पत्करावी लागली.

पॅकेटाच्या शीर्षभागातील प्रत्येक संख्या हा पाठविणाऱ्याचा दावा असतो. तो खरा आहे असे धरून चालण्यास कोणताही आधार नसतो. साखर कारखान्यावर उसाची गाडी येते तेव्हा काट्यावरील माणूस गाडीवानाला 'किती टन आहे' असे विचारून त्याचे उत्तर वहीत मांडीत नाही. भरलेली गाडी तो स्वतः तोलतो, गव्हाणीपाशी ऊस उतरल्यावर रिकामी गाडी पुन्हा तोलतो, आणि वजाबाकी करून निव्वळ वजन काढतो. प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत कोठेही जावे, रीत हीच. (काट्यावरील माणूसच खोटा निघाला तर काय, हा प्रश्न आपल्याकडील शेतकऱ्यांस नवा नाही, त्याकडे पुढे येऊ.) गाभ्यालाही एक स्वतःचा काटा असतो : कार्डाने प्रत्यक्षात किती बाइट स्मृतीत उतरविले ही संख्या. पाठविणाऱ्याच्या प्रत्येक दाव्याची तुलना अखेर तिच्याशी करावयाची असते.

हे वाटते तितके सरळ नाही. आय.पी.च्या चौथ्या आवृत्तीत शीर्षभागाची लांबी चार बिटांत, चार-चार बाइटांच्या मापाने दिलेली असते. म्हणजे ती कमीत कमी २० व जास्तीत जास्त ६० बाइट असावयास हवी. परंतु चार बिटांत ५ हून लहान संख्याही मावते. तेव्हा ती ५ पेक्षा लहान नाही हे पाहावे लागते; तेवढे बाइट खरोखर आलेले आहेत हे पाहावे लागते; त्याच शीर्षभागात सोळा बिटांत लिहिलेली एकूण लांबी शीर्षभागापेक्षा कमी नाही हे पाहावे लागते; आणि ती आलेल्या बाइटांहून अधिक नाही हेही. उलट, एकूण लांबी आलेल्या बाइटांहून कमी असणे मात्र गैर नव्हे. इथरनेटच्या चौकटीत निदान ४६ बाइट भरावे लागतात; त्यामुळे ४० बाइटांची साधी पोच पाठविताना मागे सहा बाइटांची भर पडते, व ती गाभ्याने छाटून टाकावयाची असते. दोन संख्या जुळल्याच पाहिजेत असा कडक नियम करणारा नवशिका येथे प्रामाणिक पॅकेटे फेकून देईल.

यांपैकी तिसरी तपासणी वगळली, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. एकूण लांबी १० व शीर्षभाग २० असे सांगणारे पॅकेट आले आणि गाभ्याने उरलेल्या मजकुराची लांबी काढण्यासाठी वजाबाकी केली. गणितात उत्तर उणे १० येते. सोळा बिटांच्या चिन्हरहित संख्येत उणे काही नसतेच. तेथे उत्तर येते ६५,५२६. आता या 'लांबी'चा मजकूर उचलून दुसरीकडे ठेवा, अशी आज्ञा दिली की गाभा निमूटपणे स्वतःचीच स्मृती उद्ध्वस्त करू लागतो. १९९७ मध्ये गाजलेला 'टिअरड्रॉप' हल्ला याच जातीचा. त्यात पॅकेटाचे दोन तुकडे अशा रीतीने एकमेकांवर चढविलेले असत की, जोडणी करताना दुसऱ्या तुकड्याची उरलेली लांबी उणे यावी. त्याच्या थोडे आधीचा 'पिंग ऑफ डेथ' हा बेरजेचा बळी. तुकड्याचे स्थान सांगण्यासाठी तेरा बिट असतात व माप आठ बाइटांचे. म्हणजे सर्वांत दूरचे स्थान ८,१९१ गुणिले ८, अर्थात ६५,५२८. त्या स्थानी १,४८० बाइटांचा तुकडा ठेवला की पॅकेटातील मजकूरच ६७,००८ बाइटांचा होतो. आय.पी.च्या पॅकेटाची कमाल लांबी ६५,५३५ आहे म्हणून तेवढेच बफर राखून ठेवणाऱ्या कार्यप्रणाली तेव्हा धडाधड कोसळल्या. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे निर्दोष होता. दोष बेरजेत होता, आणि बेरीज कोणी तपासली नव्हती.

बाह्यतः अगदी निरुपद्रवी दिसणारे आणखी एक स्थळ म्हणजे टी.सी.पी.चे पर्याय. बहुतेक पर्यायांत प्रथम प्रकार व मग त्याची लांबी असते, आणि वाचणारी आज्ञावली त्या लांबीइतकी उडी मारून पुढच्या पर्यायाकडे जाते. ही लांबी शून्य असेल तर ती जागच्या जागीच उड्या मारीत राहील. एक बाइटही इकडचा तिकडे झाला नाही, तरी यंत्र अडकले ते अडकलेच. म्हणून लांबी दोनपेक्षा कमी असल्यास वाचन तेथेच थांबवावे लागते.

आता न्हावा-शेव्याशी नाते सांगणाऱ्या दोषाकडे वळू. विंडोजमध्ये फाइली व मुद्रणयंत्रे जाळ्यावरून वाटून घेण्यासाठी एस.एम.बी. नावाचा संकेत वापरतात. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा सर्व्हर, गती साधावी म्हणून, गाभ्याच्या आत बसविलेला होता. या संकेतात ओएस-टू या जुन्या कार्यप्रणालीच्या काळापासून राहिलेली एक सोय अशी की, फाइलीबरोबर तिच्या विशेष गुणधर्मांची यादी पाठविता यावी. यादीच्या आरंभी तिची एकूण लांबी बत्तीस बिटांत लिहिलेली असते व मागून एकेक नोंद येते. सर्व्हरला ही जुन्या धाटणीची यादी विंडोजच्या नव्या धाटणीत उतरवावयाची असे. त्यासाठी एक उपआज्ञावली प्रथम सर्व यादीवरून एक फेरी मारी, नव्या धाटणीत किती जागा लागेल ते मोजी, आणि वाटेत एखादी नोंद सांगितलेल्या हद्दीबाहेर जाताना दिसली तर तेथे थांबून यादीची लांबी शेवटच्या निर्दोष नोंदीपर्यंत कमी करून लिही. मग मोजलेली जागा राखली जाई, आणि दुसरी उपआज्ञावली या दुरुस्त लांबीनुसार नोंदी उतरवून काढी.

योजना वाईट नव्हती. तपासणी होती, आणि ती सदोष नोंद बिनचूक पकडीतही होती. दोष होता तो दुरुस्त संख्या परत लिहिण्यात. मूळ संख्या बत्तीस बिटांची. परंतु नवी संख्या लिहिणारी ओळ फक्त खालचे सोळा बिट लिही व वरच्या सोळांना स्पर्शही करीत नसे. लांबी ६५,५३५ च्या आत असेल तोवर वरचे सोळा बिट शून्यच असतात, आणि ही चूक कोणाच्याही ध्यानात येत नाही. समजा, आक्रमकाने लांबी ६५,५३६ अशी सांगितली. बत्तीस बिटांत हिचे रूप असे : वरच्या अर्ध्यात १, खालच्या अर्ध्यात ०. मग ६५,३७३ बाइटांपर्यंतच्या नोंदी निर्दोष ठेवून पुढची नोंद मुद्दाम हद्दीबाहेर जाईल अशी लिहिली. उपआज्ञावलीला संख्या ६५,३७३ करावयाची होती. तिने खालच्या अर्ध्यात ६५,३७३ लिहिले. वरच्या अर्ध्यातील १ तसाच राहिला. नवी संख्या झाली ६५,५३६ अधिक ६५,३७३, म्हणजे १,३०,९०९. लांबी घटविण्यासाठी केलेल्या दुरुस्तीने ती जवळजवळ दुप्पट झाली! जागा राखली होती घटविलेल्या यादीपुरती. उतरविण्यास सुरुवात झाली वाढलेल्या यादीनुसार. आणि जास्तीचा मजकूर गाभ्याच्या शेजारच्या स्मृतीवर जाऊन पडला. त्या शेजारी काय असावे याचीही व्यवस्था आक्रमकाने आधीच, अनेक जोडण्या उघडून व मिटवून, करून ठेवलेली असे.

विद्यार्थ्यांनी ही बेरीज एकदा स्वतः, कागदावर दोन रकाने आखून, करून पाहावी. तिच्यात एकही गूढ पायरी नाही.

येथे एक शंका निघेल. एस.एम.बी.मधील ज्या विनंतीबरोबर ही यादी येते, तिच्यात मजकुराची लांबी मुळातच सोळा बिटांत सांगितलेली असते. मग ६५,५३६ बाइटांची यादी आत आली कशी? तिचे उत्तर दुसऱ्या एका दोषात आहे. मोठा मजकूर अनेक पॅकेटांतून पाठविताना पहिले पॅकेट एका प्रकारचे व मागची दुसऱ्या प्रकारची पाठविली, तर सर्व्हर शेवटच्या पॅकेटाचा प्रकार हाच सबंध मजकुराचा प्रकार मानी. आक्रमक बत्तीस बिटांची लांबी चालणाऱ्या प्रकाराने आरंभ करी आणि सोळा बिटांच्या प्रकाराने शेवट करी. दोन दारांवरचे दोन पहारेकरी आपापल्या परीने दक्ष होते. मात्र एकाने आत सोडलेला इसम दुसऱ्याच नावाने पुढे गेला, हे दोघांनीही पाहिले नाही.

या प्रकरणाचा सर्वसाधारण निष्कर्ष 'लांबी तपासावी' असा काढला जातो. तो अपुरा आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. लांबी तपासलेली होती. खरा प्रश्न असा की, सदोष नोंद सापडल्यावर यादी दुरुस्त करण्याचा खटाटोप सर्व्हरने का करावा? १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी टी.सी.पी.च्या आराखड्यात असे सूत्र घालून दिले होते की, आपण पाठविताना काटेकोर असावे व दुसऱ्याचे स्वीकारताना उदार असावे. निरनिराळ्या संस्थांची यंत्रे प्रथमच एकमेकांशी बोलू लागली होती, तेव्हा हे सूत्र उपकारकच ठरले. परंतु ज्या जाळ्यावर समोरचा चुकतो आहे की फसवितो आहे हे कळण्यास मार्ग नाही, तेथे गाभ्याने दाखविलेले औदार्य म्हणजे जास्तीच्या फांद्या, आणि त्या क्वचितच वापरल्या जात असल्यामुळे क्वचितच तपासल्या जाणाऱ्या फांद्या. यादीची छाटणी करणारी ती ओळ प्रामाणिक वापरात कितीदा चालली असेल? बहुधा नाहीच. पॅकेट सबंधच्या सबंध नाकारले असते, तर लिहावयास दुसरी संख्याच उरली नसती. यावर असा आक्षेप घेतात की, अशा कडकपणामुळे जुनी, किंचित सदोष पण निरागस यंत्रे जाळ्याबाहेर पडतील. आक्षेपात तथ्य आहे, आणि चाळीस बाइटांची पोच इथरनेटवर वाढून येते तसे प्रसंग ओळखून त्यांना नियमातच जागा द्यावी लागेल. तथापि नियमाबाहेरचे सुधारून घेणे हे काम गाभ्याच्या आत होऊ नये.

आता काट्यावरील माणसाचा राहिलेला प्रश्न. गाडी तोलल्यानंतर व गव्हाणीपाशी पोहोचण्यापूर्वी तिच्यातील माल बदलला, तर तोलण्याला अर्थ राहत नाही. एखादी संख्या तपासावयाची एकदा आणि वापरण्यासाठी ती पुन्हा मूळ जागेवरून वाचावयाची, असे केल्यास, ती जागा दुसऱ्या कोणास बदलता येत असेल तर, नेमके हेच घडते. म्हणून संख्या गाभ्याच्या स्वतःच्या जागेत एकदाच उतरवून घ्यावी व तपासणी आणि वापर दोन्ही त्या प्रतीवरच करावे. कार्डालाही सबंध स्मृती मोकळी न ठेवता त्याच्या बफरापुरतीच वाट द्यावी. आधुनिक यंत्रांत त्यासाठी उपकरण व स्मृती यांमध्ये पत्ते तपासणारा स्वतंत्र भाग असतो.

स्मृतीची हद्द न ओलांडताही अनर्थ होतो, याचे चांगले उदाहरण लिनक्सच्या गाभ्यात जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी उघडकीस आणले. लिनक्सच्या एका बफरात १७ तुकडे व प्रत्येक तुकड्यात ३२ किलोबाइट मावतात. एकूण ५,५७,०५६ बाइट. समोरच्याने जोडणी करताना 'मला एका वेळी अगदी लहान मजकूर पाठवा' असे सांगितले, तर पर्याय वजा जाता एका खंडात अवघे ८ बाइट उरू शकतात. भागाकार केल्यास ६९,६३२ खंड येतात. ते मोजणारा गणक मात्र सोळा बिटांचा, म्हणजे ६५,५३५ वर संपणारा. गणक उलटला की गाभ्यातील एका पहाऱ्याच्या ओळीला हिशेबात विसंगती दिसे, आणि ती सबंध यंत्र बंद पाडी. येथे पहारा चोख होता व स्मृती शाबूत राहिली. पण दूरस्थ माणसाच्या इच्छेने यंत्र बंद पडले. ज्या विसंगतीचे कारण बाहेरचे पॅकेट असू शकते तेथे ते पॅकेट वा ती जोडणी टाकावी, यंत्र टाकू नये. असा विवेक लिहिताना सुचत नाही, वाचताना सुचतो.

नुसत्या संख्येचा मारा हा निराळा विषय आहे. त्याला येथे थोडक्यात स्पर्श करतो. प्रत्येक पॅकेटासरशी गाभ्याचे काम अडवून सूचना देण्याची पद्धत ठेवली तर पॅकेटांच्या महापुरात यंत्र सूचनाच ऐकत बसते व एकही काम तडीस जात नाही, हे मोगल व रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये दाखविले. तेव्हापासून भार वाढताच सूचना बंद करून ठराविक संख्येने पॅकेटे स्वतः उचलण्याची पद्धत रूढ झाली. त्याच वर्षी डी. जे. बर्नस्टीन यांनी अशी युक्ती सुचविली की, जोडणी मागणाऱ्यासाठी तत्काळ स्मृती राखून ठेवू नये. उत्तरातील क्रमांकातच खूण गुंफावी आणि ती खूण परत आल्यावर जागा द्यावी. अनोळखी माणसाच्या शब्दावर आपली शिल्लक गुंतवू नये, हा सावकारी नियमच तेथे लागू केलेला आहे.

मनुष्याच्या दक्षतेवर विसंबून न राहता तपासणीची सक्ती यंत्रानेच करावी, अशा दिशेने अलीकडचे प्रयत्न आहेत. मॅककॅन व जेकब्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या पॅकेट-चाळणीत आज्ञावलीला फक्त पुढेच उडी मारता येत असे. त्यामुळे ती संपणार हे चालविण्यापूर्वीच निश्चित होई. लिनक्समधील तिच्या २०१४ नंतरच्या वारसदाराने पुढचा टप्पा गाठला : पॅकेटातील बाइट वाचण्यापूर्वी, तो पॅकेटाच्या शेवटाच्या अलीकडे आहे अशी तुलना आज्ञावलीत दिसली नाही, तर पडताळक ती गाभ्यात दाखलच करून घेत नाही. अर्थात हा पडताळकही माणसांनीच लिहिलेला आहे. बत्तीस बिटांच्या मर्यादांचा हिशेब ठेवण्यात त्याचीच चूक २०२० मध्ये सापडली. डिसेंबर २०२२ च्या ६.१ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यात रस्ट भाषेला प्रवेश मिळाला. तीत हद्दीबाहेरचे वाचन सहसा होऊ शकत नाही. तथापि जुन्या भाषेतील कोट्यवधी ओळी जेथल्या तेथेच आहेत.

विंडोजमधील वर सांगितलेल्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली होती. एक महिन्याने, १४ एप्रिलला, हल्ल्याची तयार आज्ञावली उघड्यावर आली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' पसरला. न्हावा-शेव्याचे काम थांबले ते दुरुस्तीनंतर १०५व्या दिवशी. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एस.एम.बी.चा हा जुना सर्व्हर आपोआप बसविणे बंद झाले. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, लिनक्सने ५.१५ या आवृत्तीत गतीसाठी एस.एम.बी.चा एक नवा सर्व्हर गाभ्याच्या आत घेतला. दूरवरून, परवलीच्या शब्दावाचून ताबा मिळवून देणारा एक दोष त्यात सापडल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले.